आइसब्रेकर परत फिरला

"मॅडम, एक विनंती आहे," जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसातले डिमेलो फोनवर म्हणाले. "शनिवारी जहाजावरून फोन येईल. तेव्हा इथलं काही सांगू नका. घरचं बोला. कलमांना मोहर कसा आलाय, ते बोला."

"आइसब्रेकर कुठपर्यंत पोचलाय?" मी विचारलं.

"वाटेत आहे."

"तो परत फिरलाय ना?"

डिमेलो अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"न्यूझीलंडच्या एका पेपरात आलंय. सकाळी वाचलं. बर्फ फोडताना त्याचा पाण्यातला पंखा मोडला आणि तो मागे वळला. दुसरा यायला महिना लागेल म्हणतात."

"मॅडम, ऐका. कॅप्टनना माहीत आहे. बाकी कुणालाही सांगितलेलं नाही. बावीस माणसं आहेत तिथे. घाबरली तर काय करतील, सांगता येत नाही. तुमच्या तोंडून एक शब्द गेला, तर मला सगळ्यांचे फोन बंद करावे लागतील."

मी रिसीव्हर ठेवला. माझ्या टेबलासमोर पेडणेकर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"काय म्हणालो तो?" त्यांनी विचारलं.

मी देवगडजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात ऑफिसचं काम करते. फेब्रुवारीत तिथे काही काम नसतं. मशिनं उघडून पुसून ठेवलेली, डबे गोदामात रचलेले आणि ऑफिसात मी, एक कॉम्प्युटर आणि इंटरनेट. माझा नवरा रुपेश कोळंबकर जहाजावर फोर्थ इंजिनीअर. आम्ही कणकवलीच्या कॉलेजात एकत्र होतो, म्हणून मी त्याला नावाने हाक मारते. वहिनींना ते पहिल्यापासून खटकायचं. त्यांचे यजमान दत्ताराम, ज्यांना जहाजावर सगळे दत्ताकाका म्हणत, तिथेच मुख्य कुक होते. दोघं एकाच तालुक्यातले एकाच जहाजावर लागले, याचा आम्हा दोघींना केवढा आनंद झाला होता.

'नॉर्मा ग्रेस' हे त्यांचं जहाज कुठल्याशा परदेशी संशोधन केंद्राचं सामान घेऊन अंटार्क्टिकाला चाललं होतं. रुपेश निघाला तेव्हा मला तिकडचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. "पेंग्विनचे फोटो आण," एवढंच मी त्याला म्हटलं होतं. मग गंमत म्हणून वाचायला लागले. तिकडे कुठलं केंद्र उघडलं, कुठला हिमनग तुटला, कुठलं जहाज पोचलं, हे रोज सकाळी ऑफिस उघडलं की आधी बघायचं. आठवड्यातून एकदा रुपेशला ईमेल जात असे, त्यात मी ते सगळं लिहायची. "तू तर आमच्यापेक्षा जास्त अंटार्क्टिकात राहतेस," असं त्याने एकदा उत्तरात लिहिलं होतं.

सामान उतरवून परत निघताना जहाज बर्फात अडकलं. वारा उलटा फिरला आणि समुद्रावरचा तुटका बर्फ चहूबाजूंनी येऊन त्यांच्याभोवती थिजला. त्या दिवसापासून गंमत संपली आणि जहाजावरचा ईमेलही बंद झाला. आता मी बातम्या वाचायची ती एकही ओळ न सोडता. उपग्रहाचे फोटो बघायची. त्यातला पांढरा भाग म्हणजे बर्फ आणि काळा म्हणजे मोकळं पाणी. रोज काळं कमी होत होतं. तिकडचा उन्हाळा संपत आला होता आणि बर्फ आता वाढतच जाणार होता. त्यांना सोडवायला बर्फ फोडत येणारं जहाज, तो आइसब्रेकर, एवढाच आधार होता. एका जुन्या लेखात वाचलं होतं, की दाब फार वाढला तर बर्फ जहाजाची कूस आत दाबतो आणि आधी आवाज येतो, लाकूड मोडल्यासारखा. लोखंडाचा आवाज लाकडासारखा कसा येईल, हे मला कळलं नाही, पण मी तो ऐकू लागले. रात्री दार वाजलं, वाशाने कुरकुर केली, तरी मी उठून बसायची.

वहिनी रोज दहाच्या सुमाराला चालत यायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचायची आणि त्यांना सांगायची. खरं तर निम्मंच सांगायची.

त्या दिवशी मात्र त्यांनी फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. "माका खरा काय ता सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं.

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. "ह्यांका प्रेशरचो त्रास आसा," त्या म्हणाल्या. "कळला तर तिथेच कायतरी होतला. तू काय्येक बोलू नको हां. शपथ घे."

"वहिनी, मी कशाला सांगेन? सांगून काय होणारे?"

"शपथ घे, तनू."

मी घेतली. आणि मनापासून घेतली, हे इथे सांगायला हवं. तीन हजार कोसांवरून मी त्याला काय देणार होते? फक्त भीती. ती माझ्याजवळ पुरेशी होती.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी माझ्या घरी बसलो. जहाजावर एकच सॅटेलाइट फोन होता आणि माणशी तीन मिनिटं मिळायची. रुपेश आणि दत्ताराम एकामागे एक रांगेत उभे राहणार आणि माझ्याच मोबाइलवर बोलणार, असं ठरलेलं. वहिनींनी चांगलं लुगडं नेसलं होतं, केसात अबोलीचा वळेसर माळला होता. फोनवर काही दिसणार नव्हतं, तरी.

फोन वाजला.

"तनू!" रुपेशचा आवाज इतका मोकळा होता की माझे डोळे भरून आले. "कशी आहेस?"

त्या फोनवर आपलं बोलणं पोचायला थोडा वेळ लागतो. एकाने बोलायचं, मग थांबायचं.

"मी बरी आहे. तू कसा आहेस?"

"मजेत. खोटं नाही सांगत, मजेत. परवा आइसब्रेकर येतोय. कॅप्टनने सांगितलं. आज पार्टी आहे. दत्ताकाकांनी शेवटची कोंबडी बाहेर काढलीय, सगळी. म्हणे आता कशाला ठेवायची? गरम पाणी बंद होतं ते आजपासून सोडलंय. सगळे आंघोळी करतायत. केबिनमधले हीटर फुल चालू केलेत. बनियनवर बसलोय, विश्वास बसेल?"

मी हसले. वहिनी माझ्या तोंडाकडे बघून हसल्या.

"आंबा कसा आहे?" त्याने विचारलं.

"मोहर चांगला आहे," मी म्हणाले. आणि मग माझ्या तोंडून आलं, "रुपेश, डिझेल किती आहे?"

"डिझेल? आहे की. जपून वापरलं तर महिना जाईल म्हणतात आमचे चीफ इंजिनीअर. असंच उडवलं तर पंधरा दिवस." तो हसला. "का गं? परवा तर निघायचंय."

मला अजून आठवतं, की मी पलंगाची कड धरली. मला बर्फाचा दाब दिसत नव्हता, मला ते गरम पाणी दिसत होतं. बावीस माणसांच्या अंगावरून वाहून चाललेलं. केबिनाकेबिनातले हीटर दिसत होते. ताटातली कोंबडी दिसत होती.

वहिनींना काहीतरी कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नको.

"तनू? लाइन गेली काय?"

"रुपेश," मी म्हणाले, "तो येत नाहीये."

"काय?"

"आइसब्रेकर. त्याचा पंखा मोडला. तो परत फिरलाय. पेपरात आलंय. डिमेलोंनीही कबूल केलं. दुसरा यायला महिना आहे. हीटर बंद करा."

वहिनींची बोटं माझ्या मनगटात रुतली. फोनमध्ये नुसती खरखर. मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं, आणि ते हसणं दत्ताकाकांचं होतं, हे मला ओळखू आलं. रांगेत मागेच उभे होते ते.

"ठीक आहे," रुपेश म्हणाला. माझ्या नवऱ्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग फोन बंद झाला.

आम्ही वाट पाहिली. दत्ताकाकांचा फोन आला नाही. अर्धा तास गेला, तास गेला. वहिनींनी केसातला वळेसर काढून स्टुलावर ठेवला.

"माझा बोलणा पण रवला तुझ्यापायी," त्या म्हणाल्या. "शपथ घेतलं हतंस मां गो? ह्यांका काय झाला तर मी तुझ्या दारात येवन बसतलंय." आणि चपला न घालता, हातात धरूनच, उन्हातून चालत निघून गेल्या.

सोमवारी डिमेलोंचा फोन आला. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी ओरडत होता. "काय केलंत तुम्ही? क्रू कॅप्टनच्या केबिनवर चालून गेला. दार फोडायची वेळ आली होती. कॅप्टननी फोन कपाटात बंद करून ठेवलाय. आता कुणाच्याही घरी फोन येणार नाही. बावीस घरं आहेत, मॅडम. काय सांगू मी त्यांना?"

नंतर कोणाकोणाचे फोन आले. केरळातून एका बाईचा आला. ती हिंदीत एवढंच म्हणाली, की माझ्या भावाला काही झालं तर देव तुला बघेल. माझा नंबर तिला कुणी दिला, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात डिमेलोंनी पुन्हा फोन केला. आता ते ओरडत नव्हते, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. "कॅप्टनचाही संपर्क तुटलाय," ते म्हणाले. "रोज सकाळी एक संदेश यायचा. तोही बंद आहे. तुमच्या कुठल्या पेपरात काही आलं, तर मला कळवाल का?"

मी वाचत राहिले. काम नसलेल्या त्या ऑफिसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बाहेर हवा तापायला लागली होती, पत्र्याखाली बसवत नव्हतं आणि मी बर्फाच्या बातम्या वाचत घामाने निथळत होते. कुणाशी बोलावं असं माणूस नव्हतं. माझे सासू-सासरे मुंबईला दिरांकडे होते. ते रोज फोन करायचे आणि मी "काही नवीन नाही" म्हणायची. डोळे मिटले की जहाजावर मारामारी दिसायची. बावीस माणसं, हातात मिळेल ते, आणि मधे रुपेश, कारण बातमी त्याने आणली. ती खोटी ठरवून त्याला कुणी मारलं तर? खरी मानून कुणी बर्फावर चालत सुटलं तर? मी एकच वाक्य बोलले होते. त्याचं पुढे काय झालं, हे कळायला मला जगात काही साधन नव्हतं.

मग ती बातमी आली. एका परदेशी विमानाने त्या भागावरून जाताना जहाज पाहिलं होतं. खाली फोटो होता. सगळीकडे पांढरं, आणि मधोमध करडं जहाज, जरासं एका कुशीवर कललेलं. चिमणीतून धूर नव्हता. डेकवर बर्फ साचलेला, त्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. विमानातून रेडिओवर हाका मारल्या, उत्तर आलं नाही. 'जहाजावर जीवनाचं कोणतंही चिन्ह आढळलं नाही,' असं शेवटी लिहिलं होतं.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. इंग्रजीचा दुसरा काही अर्थ होतो का, ते बघितलं.

ऑफिसला कुलूप लावून मी चालत वहिनींच्या घरी गेले. कशी गेले, ते आठवत नाही. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"वहिनी, फोटो आलाय जहाजाचा," मी म्हणाले.

त्यांनी हात पदराला पुसले आणि काही न विचारता माझ्याबरोबर निघाल्या. ऑफिसात मी फोटो मोठा केला. तो आणखी मोठा केला तेव्हा त्याचे नुसते चौकोन झाले.

"ह्येच्यात माणूस दिसता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"धूर?"

"नाही."

त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. वाचून काय लिहिलंय ते सांग, म्हणाल्या. या खेपेला मी निम्मं सांगितलं नाही. शेवटचं वाक्यही सांगितलं. त्या रडतील असं वाटलं होतं. त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला, थंडी वाजून आल्यासारखा, त्या उकाड्यात. त्या दिवसापासून त्या माझ्याच घरी राहिल्या. मला माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. दोघींपैकी एकीलाही आपापल्या घरी एकटं राहणं शक्य नव्हतं, इतकंच. मी भात लावायची, त्या आमटी करायच्या आणि दोघी जेवायचो नाही.

मार्च संपता संपता एका सकाळी माझा मोबाइल वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर होता. मी तो उचलू शकले नाही. वहिनींनी उचलला.

"कोण?" त्या म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या आणि फोनमध्ये ओरडल्या, "जेवलास काय? आधी सांग, जेवलास काय?"

दत्ताकाका होते, ज्यांच्याशी वहिनी कधी एकेरीत बोलल्या नव्हत्या. पाठोपाठ रुपेश. वारा फिरला होता, बर्फाला भेग पडली होती आणि जहाज स्वतःच्या इंजिनावर बाहेर आलं होतं. सगळे जिवंत होते.

रुपेश घरी आला तेव्हा कारखान्यात आंब्याचा हंगाम जोरात होता. सगळी हकीकत आधी मला दत्ताकाकांनीच सांगितली. थंडीने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली होती. ती दाखवत, हसत हसत ते सांगायचे. बातमी कळल्यावर आधी मोठा गोंधळ झाला. मग कॅप्टनने सगळ्यांना बोलावून ती खरी असल्याचं कबूल केलं. कंपनीने त्याला दुसऱ्या जहाजाची सोय होईपर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं. हीटर थांबवले असते तर संशय आला असता, म्हणून त्याने तेही चालू दिले होते. त्याच संध्याकाळी सगळे हीटर बंद झाले. केबिना सोडून बावीस जण जेवणाच्या खोलीत राहायला आले. खिडक्यांना गाद्या लावल्या. दिवसातून थोडा वेळ लहान जनरेटर चालवायचा, पाणी वितळवायचं, भात शिजवायचा, की बंद. अँटेना बर्फाच्या वजनाने मोडून पडली होती. विमान आलं ते त्यांना आतून ऐकू आलं होतं. धावत वर जाईपर्यंत ते निघून गेलं होतं.

"भेग पडली तेव्हा टाकीत तळाशी थोडंच डिझेल होतं," काका म्हणाले. "चीफ म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस हीटर चालले असते तर इंजिन सुरू झालं नसतं. ते दोन-तीन दिवस तुझे, तनू."

वहिनी तेव्हा चहा घेऊन आल्या. माझा कप त्यांनी माझ्या हातात दिला आणि क्षणभर सोडला नाही. एवढंच.

गावात माझं कौतुक झालं. डिमेलोंनी फोन करून आभार मानले. त्या केरळच्या बाईने साडी पाठवली. फक्त रुपेश त्यावर काही बोलत नव्हता. कुणी विषय काढला की उठून जायचा. पंखा लावू द्यायचा नाही, ऐन मे महिन्यात.

शेवटी मीच विचारलं. आम्ही मागच्या पडवीत बसलो होतो.

"माझं चुकलं का?"

"नाही."

"मग?"

तो अंगणाकडे बघत होता. "तुझ्याशी बोलून झालं, फोन ठेवला," तो म्हणाला, "आणि वळलो, तर मागे दत्ताकाका. अंगाला साबणाचा वास. केस नीट विंचरलेले. मला म्हणाले, दे आता, माझा नंबर. त्या सबंध जहाजावर तेव्हा कॅप्टन सोडला तर मला एकट्याला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं, लाइन गेली. आणि खाली इंजिनरूममध्ये गेलो. तिथे कुणी नव्हतं. तिथे बसून राहिलो."

"मग?"

"मग वर येऊन सांगितलं. सांगावं लागलंच. त्या अंधाऱ्या खोलीत सगळे कुणा ना कुणाला शिव्या द्यायचे. कॅप्टनला, कंपनीला, देवाला. मी तुला द्यायचो. मनात. रोज. बर्फ बाहेर करकरायचा, आणि मला वाटायचं, हिने मला सांगितलं नसतं तर मी आत्ता बनियनवर बसलो असतो."

"तू मेला असतास, रुपेश."

"हो," तो म्हणाला. "ते मला कळतं. तुझ्यामुळे जगलो, हे मी कुणालाही सांगेन. पण तू विचारलंस म्हणून सांगतो. मला ते कळायला नको होतं."

मी उठून दिवा लावायला आत गेले.

दीड वर्षाने तो पुन्हा जहाजावर लागला. मालवाहू जहाज होतं, ब्राझीलच्या बाजूचं, जिथे बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो. त्याला सोडायला मी कणकवली स्टेशनवर गेले. गाडीला वेळ होता.

"बातम्या वाचणार?" त्याने विचारलं.

"वाचणार."

"आणि मी फोनवर विचारलं तर?"

"सांगेन."

"नाही विचारलं तर?"

मी खोटं बोलू शकले असते. गाडी येतच होती. "तरी सांगेन," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि बॅग उचलली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो सेकंड इंजिनीअर झाला. डिमेलो रिटायर झाले. मी अजूनही सकाळी ऑफिस उघडल्यावर आधी दक्षिणेकडचा बर्फ बघते, आता तिकडे माझं कुणी नसलं तरी. आणि रुपेश जगात कुठेही असला तरी आठवड्यातून एकदा फोन करतो, न चुकता. फोन उचलला की मला 'हॅलो'सुद्धा म्हणू देत नाही. घाईने, जरा मोठ्या आवाजात, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"मी बोलतो. तू ऐक."

मी ऐकते.